जड सर्फर, आखूड बोर्ड

उभ्याने वल्हवत लाटांवर स्वार होण्याच्या बोर्डला सर्फर मंडळी थोडक्यात ‘सप’ म्हणतात. हा बोर्ड उलटा केला की तळाला आकड्यांची एक ओळ दिसते : ८ फूट ६ इंच, ३२ इंच, ४.६ इंच, १३५ लिटर. म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि घनफळ. दुकानात शिरलेला माणूस पहिला आकडा वाचतो आणि बोर्ड मोठा की छोटा हे तेवढ्यावर ठरवून मोकळा होतो. सत्तर किलोच्या माणसाचे यात फारसे बिघडत नाही. नव्वद, शंभर, एकशे दहा किलोच्या माणसाने मात्र ही ओळ उलटीकडून वाचावी : आधी लिटर, मग रुंदी, आणि लांबी सगळ्यात शेवटी. जड सर्फरला छोटा बोर्ड चालवता येतो, आणि उत्तम चालवता येतो. फक्त त्याच्यासाठी ‘छोटा’ याचा अर्थ आखूड असा घ्यायचा, कमी तरंगणारा असा घ्यायचा नाही. हा फरक ध्यानात न घेता विकत आणलेले बोर्ड भिंतीला टेकून धूळ खात राहतात, आणि मालकाची समजूत होऊन बसते की आपले वजनच या खेळाला आडवे आले. ती समजूत खोडून काढायला हे प्रकरण आहे.

खेळ मुळात मोठ्याच बोर्डांवर जन्मला. होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे ‘बीच बॉय’ अधूनमधून आपल्या लांबलचक बोर्डवर उभे राहत आणि होडीचे वल्हे मारत. उभे राहिल्यामुळे शिकाऊ मंडळींवर नजर राहायची, येणारी लाट लांबून दिसायची, पर्यटकांचे फोटोही काढता यायचे. पुढे ही रीत जवळजवळ विसरली गेली. १९९० च्या दशकात माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या दोघांनी लाटा मंदावलेल्या दिवसांत दोन माणसांसाठी बनवलेले बारा-बारा फुटी टँडम बोर्ड पाण्यात घातले आणि होडीच्या वल्ह्यांनी ते हाकायला सुरुवात केली. हॅमिल्टन सहा फूट तीन इंच उंचीचा, भरभक्कम बांध्याचा गडी. या खेळाला नवा जन्म देणारा माणूस हडकुळा नव्हता, हे इथे मुद्दाम सांगायला हवे.

त्यानंतर बोर्ड आखूड होत गेले. बाराचे दहा झाले, दहाचे नऊ, आणि पुढे आठ फुटांच्या आतबाहेरचे बोर्ड सर्रास दिसू लागले. कारण सरळ आहे. लांब बोर्ड लाटेवर चढतो लवकर, पण एकदा चढला की वळायला राजी नसतो. लाटेचा चेहरा आतून वक्र असतो. बारा फुटी सरळसोट बोर्ड त्या वक्रात मावत नाही, त्याचे नाक पाण्यात घुसते. शिवाय पायापासून लांब असलेला प्रत्येक इंच वळताना विरोध करतो. टोकाचे वजन फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे नाकाकडचा एक फूट कापला की बोर्ड एकदम जिवंत होतो. आखूड बोर्डची ओढ लागते ती याच जिवंतपणामुळे, आणि ती जड माणसालाही तितकीच लागते.

आता लिटरचा हिशेब. तो आर्किमिडीजइतका जुना आहे आणि तितकाच ठाम. समुद्राचे एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरते. समजा माणूस १०० किलोचा आहे. बोर्ड ८ किलोचा, वल्हे अर्ध्या किलोहून थोडे जास्त, भिजलेले कपडे आणि पायाला बांधायची दोरी म्हणजे लीश धरून आणखी किलो-सव्वा किलो. एकूण ११० किलो. एवढे वजन तोलायला समुद्रात १०७ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे १०७ लिटरच्या बोर्डवर हा माणूस उभा राहिला तर बोर्ड पाण्याच्या पातळीला टेकतो आणि वर काहीच शिल्लक उरत नाही. १२० लिटरचा घेतला तर १३ लिटर शिल्लक. बोर्डचा पसारा दीड चौरस मीटरच्या आसपास धरला, तर ती शिल्लक पाण्यावर सरासरी आठ-नऊ मिलिमीटर उंचीची झाली, करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. १३५ लिटरवर हीच उंची पावणेदोन ते दोन सेंटिमीटर होते. आकड्यात फरक फक्त पंधरा लिटरचा, पण पायाखाली तो दुपटीचा जाणवतो.

यात तीन बारीक गोष्टी आहेत आणि तिन्ही जड माणसाला नडतात. थंड पाण्याच्या देशांत सर्फर जाड वेटसूट घालतात. वेटसूट तरंगतो हे खरे, पण पाण्यात बुडलेला असताना. बोर्डवर उभे असताना तो अंगावर पाणी धरून बसलेले ओझे असते. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेत किंवा इंग्लंडच्या कॉर्नवॉलला सर्फिंग करणाऱ्याने आपले वजन भिजलेल्या वेटसूटसकटच मोजायला हवे. दुसरी गोष्ट पाण्याच्या खारटपणाची. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी सराव केला तर पाणी जवळजवळ गोडे असते, आणि त्याच माणसाला १०७ ऐवजी ११० लिटर लागतात. शिल्लक मुळात तेरा लिटरची असेल तर तीन लिटर ही काही थोडी रक्कम नाही. तिसरी गोष्ट फेसाची. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस म्हणजे पाणी आणि हवा यांचे मिश्रण. त्याची घनता कमी, म्हणून तो कमी तोलतो. काठोकाठ तरंगणारा बोर्ड फेसात शिरला की अचानक खाली बसतो, आणि लाट फुटते तिथे फेस तर सगळीकडेच असतो.

म्हणून ढोबळ हिशेब असा धरतात. नुकते लाटांवर जाऊ लागलेल्याने आपल्या किलोंमध्ये चाळीस-पन्नास मिळवावेत आणि तेवढ्या लिटरचा बोर्ड घ्यावा. लाटा नियमित पकडू लागलेल्याने पंचवीस ते पस्तीस मिळवावेत. कसलेला असेल त्याला दहा-पंधरा पुरतात, काही त्याहून खाली जातात. शंभर किलोवाल्यासाठी १४५, मग १३०, मग कधीतरी ११५ अशा या पायऱ्या झाल्या. मधल्या पायरीवर कायमचे राहण्यात काहीही कमीपणा नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की बहुतेक जड हौशी सर्फरांचा सगळा आनंद त्या मधल्या पायरीवरच आहे.

पण लिटर पुरेसे आहेत म्हणून बोर्ड स्थिर असेल, असे होत नाही. पर्यटनस्थळी भाड्याने मिळणारे, हवा भरायचे सप पाहा. साडेदहा फूट लांब, सहा इंच जाड, तीनशेच्या आसपास लिटर. पोहायच्या तलावासारख्या शांत पाण्यात ते झकास. लाटेत मात्र माणूस पाण्यापासून बराच उंचावर उभा राहतो, गोल गुबगुबीत कडा पाण्याला धरत नाहीत, आणि एवढे लिटर असूनही तो आडवा होतो. तरंगणे आणि न कलंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न कलंडण्याचे गणित जहाजवाल्यांनी फार पूर्वी मांडून ठेवले आहे. पिएर बुगेर हा फ्रेंच गणिती पृथ्वीचा आकार मोजायला निघालेल्या मोहिमेबरोबर दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोरच्या डोंगराळ मुलखात, कित्येक वर्षे होता. तिथे असताना त्याने जहाजांवर मोठा ग्रंथ लिहायला घेतला. तो १७४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने ‘मेटासेंटर’ नावाचा बिंदू सांगितला. तरंगणारी वस्तू थोडी कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर ज्या बिंदूतून जातो, तो हा बिंदू. वस्तूचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर वस्तू आपोआप सरळ होते, वर असेल तर उलटते. हा बिंदू किती उंचावर असेल हे दोन गोष्टींवर ठरते : पाण्याला टेकलेल्या पृष्ठाच्या रुंदीचा घन गुणिले लांबी, आणि या गुणाकाराला भागायचे ते एकूण बाजूला सारलेल्या पाण्याने.

या एका वाक्यात जड सर्फरची सगळी कहाणी आहे. पहिले म्हणजे, भागाकार पाण्याने आहे. वजन जास्त, म्हणजे बाजूला सारलेले पाणी जास्त, म्हणजे त्याच बोर्डवर जड माणसाचा मेटासेंटर हलक्या माणसापेक्षा खाली. म्हणजे मित्राचा बोर्ड आपल्याला जास्त डगमगतो असे जड माणसाला वाटते, ते खरेच असते. दुसरे म्हणजे, रुंदीचा घन. रुंदी ३० वरून ३२ इंच केली तर वाढ दोन इंचांची, पण बाजूचा स्थिरपणा २१ टक्क्यांनी वाढतो. लांबीचा परिणाम मात्र साधा, एकास एक.

हे प्रत्यक्ष बोर्डांवर लावून पाहू. एक बोर्ड साडेनऊ फूट लांब आणि ३० इंच रुंद. दुसरा त्याच ठेवणीचा, साडेआठ फूट लांब आणि ३२ इंच रुंद. गणित केले तर दुसरा बोर्ड, फूटभर आखूड असूनही, बाजूला कलंडण्याच्या बाबतीत पहिल्यापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त स्थिर निघतो. थोडी जाडी वाढवली की लिटरही तेवढेच ठेवता येतात. आखूड आणि स्थिर हे दोन्ही एकाच बोर्डमध्ये मिळू शकते, ते इथे.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पुढे-मागे डुलण्यात लांबीचा घन लागतो, आणि तिथे हाच बोर्ड जवळपास २४ टक्क्यांनी उणा पडतो. बैलगाडीत माल भरताना थोडा पुढे गेला की गाडी धुरजड होते, थोडा मागे गेला की उलाळ होते; आखूड बोर्डवर शंभर किलोचा माल म्हणजे तुम्ही स्वतः, आणि पाऊल दोन इंच पुढे-मागे पडले तरी तेवढ्यात नाक बुडते किंवा शेपूट बसते. मोठ्या बोर्डवरून आलेला माणूस बाजूला पडायची तयारी ठेवून असतो आणि इथे तो पाठीमागे पडतो. हे आधी माहीत असले की अर्धे काम होते.

आणखी एक गोष्ट या गणितातून कळते. शिकाऊंच्या अकरा फुटी, ३४ इंची बोर्डवर मेटासेंटर माणसाच्या गुरुत्वमध्याच्या वर असतो, म्हणजे बोर्डच माणसाला सरळ ठेवतो. आखूड सर्फ-सपवर तो खाली येतो. तिथे माणसाला सरळ ठेवतात ते त्याचे घोटे, गुडघे आणि हातातले वल्हे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण नाभीच्या पातळीला, पायांपासून मीटरभर वर असतो. गुडघे वाकवले की तो वीतभर खाली येतो, आणि शिक्षक घसा फोडून ‘गुडघे, गुडघे’ ओरडत असतात ते यासाठी. उंच आणि जड माणसापेक्षा बुटक्या आणि जड माणसाला आखूड बोर्ड लवकर वश होतो, त्याचेही कारण हेच.

मग ‘छोटा’ कशाला म्हणायचे? समजा सत्तर किलोचा एक चांगला सर्फर साडेसात फूट लांब, २८ इंच रुंद, ९० लिटरचा बोर्ड वापरतो आणि तुम्हाला तो बोर्ड नाचवताना पाहून हेवा वाटतो. तुम्ही शंभर किलोचे. तोच बोर्ड सर्व बाजूंनी सारखा वाढवून तुमच्या वजनाच्या प्रमाणात आणला तर तो ८ फूट ५ इंच लांब, साडेएकतीस इंच रुंद आणि १२८-१२९ लिटरचा होतो. तो तुमच्या पायाखाली तसाच तरंगेल जसा त्या सर्फरचा बोर्ड त्याच्या पायाखाली तरंगतो. तुमच्या वजनाच्या मानाने तो छोटाच बोर्ड आहे. फुटपट्टी लावून लाजायचे कारण नाही.

याच कारणाने जाड कडांना घाबरू नये. बोर्डच्या कडेला रेल म्हणतात. वळताना रेल पाण्यात दाबावी लागते. जाड, भरलेली रेल सत्तर किलोच्या माणसाला दाबता येत नाही, म्हणून अशा बोर्डांविषयी ‘वळत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. ती तक्रार त्याच्या वजनाची आहे. शंभर किलोच्या टाचेखाली तीच रेल हवी तेवढी दबते, आणि वळण संपले की तीच रेल वर उसळून पुढच्या वळणाचा वेग देते. पातळ रेलवर जड माणूस वळायला जातो तेव्हा रेल बुडते, अडकते आणि तो पाण्यात जातो.

शेपटीबद्दल थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण खरेदी करताना सगळ्यात कमी लक्ष तिकडेच जाते. लाट पकडल्यावर मागचा पाय शेपटीवर जातो आणि जवळपास सगळे वजन तिथे येते. एकूण लिटर भरपूर, पण ते सगळे मधोमध आणि नाकाकडे, शेपूट मात्र निमुळती आणि पातळ, असा बोर्ड जड माणसाच्या मागच्या पायाखाली बसतो आणि लाटेवरच थांबतो. पाण्यातून नांगरत जाण्याऐवजी पाण्यावरून सरकू लागणे, ज्याला प्लेनिंग म्हणतात, ते ज्या जोरावर होते तो जोर पृष्ठाच्या क्षेत्रफळाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. सत्तरऐवजी शंभर किलो उचलायचे तर एकतर क्षेत्रफळ तेवढ्या पटीत वाढवा, नाहीतर वेग सुमारे २० टक्के जास्त आणा. मऊ, कमजोर लाटेत तो वेग कुठून आणणार? म्हणून क्षेत्रफळ, आणि तेही मागच्या पायाखाली.

ही कल्पना सर्फिंगमध्ये नवी नाही. कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स हा कॅल्टेकमध्ये शिकलेला, विक्षिप्त म्हणून ओळखला गेलेला माणूस. लिंडसे लॉर्ड यांचे वेगवान नौकांच्या तळांवरचे १९४६ चे पुस्तक त्याने अभ्यासले आणि त्यातले तत्त्व लाकडी सर्फबोर्डांना लावले : रुंद शेपूट, सपाट तळ, लवकर प्लेनिंग. १९५४ साली ला होयाच्या विंडनसी किनाऱ्यावर सर्फिंग करतानाच तो बुडून गेला, अवघ्या पस्तिशीत. अर्ध्या शतकानंतर, २००६ च्या सुमारास, सॅन दिएगोच्या काही मंडळींनी त्याच्या आराखड्यावरून आखूड, बोथट, रुंद शेपटीचे ‘मिनी सिमन्स’ बोर्ड बनवले आणि ते कमजोर लाटांत भन्नाट पळू लागले. आजचे बोथट नाकाचे, समांतर कडांचे आखूड सप त्याच वंशातले आहेत, आणि जड सर्फरसाठी याहून चांगली बातमी नाही.

तळाचा वक्र म्हणजे रॉकर कमी असेल तर बोर्ड लवकर पळतो, जास्त असेल तर उभ्या लाटेत नाक वाचते. मऊ लाटांत कमी घ्यावा. फिन म्हणजे शेपटीच्या तळाला बसवलेली पाती. त्यांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवले की पुरे : जड माणसाला मोठ्या आकाराच्या फिन लागतात, आणि रुंद शेपटीवर चार फिन चांगल्या धरतात, कारण दोन्ही कडांच्या जवळ काहीतरी पाण्यात रुतलेले राहते. बोर्ड जुना असेल तर डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, टाचा पडतात तिथे अंगठ्याने दाबून पाहा. जड मालकाच्या बोर्डला तिथे खड्डे पडतात, आणि दाबल्यावर कुरकुर ऐकू आली तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे असे समजावे. नवा घेताना उभे राहण्याच्या जागी मजबुतीचा जास्तीचा थर आहे का, हे विचारून घ्यावे.

वल्ह्याची लांबी लाटांसाठी साधारण डोक्याइतकी ते त्याहून वीतभर जास्त ठेवतात. आखूड बोर्ड पाण्यात खोल बसतो, तुम्ही पाण्याच्या जवळ येता, म्हणून मोठ्या बोर्डचे वल्हे इथे थोडे लांब वाटते. ते कापण्याआधी, लांबी कमी-जास्त होणारे वल्हे मागून आणून काही दिवस पाहावे.

आता पाण्यात. आखूड बोर्डवरचा सगळ्यात अवघड क्षण लाटेवरचा नसतो, लाटेची वाट पाहतानाचा असतो. बोर्ड पुढे जात असला की पाणी त्याला थोडे उचलून धरते. थांबला की सगळा भार निव्वळ लिटरांवर येतो. म्हणून गुडघ्यांवरून उठताना आधी दोन-तीन जोरकस वल्ही मारून बोर्डला गती द्यावी, दोन्ही हात वल्ह्यावर आणि वल्हे आडवे डेकवर टेकवून एक पाऊल आणावे, मग दुसरे. पावले शेजारी-शेजारी ठेवू नयेत. एक अर्धे पाऊल पुढे, एक मागे, दोन्हींची बोटे थोडी बाहेर, अशी तिरकी ठेवण घ्यावी. पुढे-मागे डुलणे आवरायचे ते या ठेवणीतूनच. नजर पायांवर गेली की माणूस पडतो, ती क्षितिजावर ठेवायची. पाणी नाकावरून येऊन घोट्यांना लागते, डेक मध्येच दिसेनासा होतो. हे बुडणे नव्हे, असे स्वतःला सांगत राहावे लागते. लाटांची वाट पाहतानाही वल्हे पाण्यातच असले पाहिजे. पाते पाण्यावर सपाट दाबले की क्षणभर कठडा हाती लागल्यासारखे होते, आणि पाते सतत मागे-पुढे फिरवत राहिले तर तो आधार सतत मिळतो.

आखूड बोर्ड वल्हवताना नाक डावी-उजवीकडे पळते. लांब, मागपर्यंत ओढलेला फटका ते जास्त पळवतो. दांडा उभा धरून, पाते पायांच्या पुढे पाण्यात घालून, घोट्याजवळ येताच बाहेर काढायचे. फटके आखूड आणि भराभर.

फेसाची भिंत समोर आली की जड माणसाकडे एक गोष्ट असते जी हलक्याकडे नाही : संवेग. भिंतीकडे सरळ, वेगात जायचे, शेवटच्या क्षणी मागचा पाय शेपटीकडे सरकवून नाक उचलायचे, फेस पायाखालून जाताना वल्हे पलीकडच्या पाण्यात रोवून स्वतःला ओढायचे, आणि लगेच पाय पुढे. हलका सर्फर इथे मागे फेकला जातो. शंभर किलो वेगात असले तर पार होतात.

लाट पकडण्याची जागा मात्र बदलावी लागते. मीटरभर उंचीची लाट साधारण १.३ मीटर खोलीवर फुटते आणि तिथे ती ताशी १३ किलोमीटरच्या आसपास धावत असते. नौकाशास्त्राच्या ढोबळ सूत्राने बारा फुटी बोर्ड वल्हवून ताशी साडेआठ किलोमीटरपर्यंत सहज जातो, साडेआठ फुटी बोर्ड सातच्या थोडा वर. उरलेला वेग लाटेच्या उतारावरून घ्यायचा असतो. म्हणजे मोठ्या बोर्डवर जिथे थांबत होता तिथून किनाऱ्याच्या दिशेने आत यायचे, आणि लाट उभी राहीपर्यंत कळ काढायची. उतार मिळाला की वजन आड येत नाही, कारण उतारावर खेचणारा जोरही वजनाबरोबरच वाढतो. शेवटचे तीन फटके जोरात, बोर्ड थोडा तिरका, शेपूट उचलली गेल्याचे कळताच मागचा पाय मागे. पाय उशिरा गेला तर नाक बुडते, लवकर गेला तर लाट निघून जाते. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, टाचांना कळतो.

आपल्याकडच्या पाण्याचा विचार इथे करायला हवा. गोव्यात अश्वे-मांद्रेच्या बाजूला सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत, खाली कर्नाटकात मुल्कीला हा खेळ चांगला रुजला आहे. पश्चिम किनाऱ्यावर थंडीत, पर्यटकांच्या हंगामात, लाटा लहान आणि मऊ असतात. ताकद येते ती पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, तेव्हा हौशी माणसाने लाटांत जाऊ नये. थंडीतल्या मांडीएवढ्या लाटेत काठोकाठ तरंगणारा बोर्ड घेऊन जड माणसाने उतरणे म्हणजे दिवस वाया घालवणे. तिथे रुंद, सपाट, मधल्या पायरीचा बोर्डच खरा. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकाला, विशेषतः कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, जोरकस लाटा वर्षभर मिळतात. तो एक पायरी खाली उतरू शकतो.

लीश बोर्डच्या लांबीइतकी किंवा थोडी जास्त लांब, आणि जाड घ्यावी. पडलेल्या शंभर किलोचा आणि लाटेने ओढलेल्या बोर्डचा ताण तिच्यावर येतो. तुटली तर सुटलेला बोर्ड मागच्या पोहणाऱ्याच्या अंगावर जातो. शिकणाऱ्यांच्या घोळक्यात सप घेऊन शिरू नये. पडताना बोर्डवर न पडता बाजूला, सपाट पडावे. उथळ पुळणीवर पायांवर उडी मारली तर जड माणसाचे घोटे आणि गुडघे सगळ्यात आधी जातात.

खरेदीआधी बोर्ड पाण्यात नेऊन पाहता आला तर लाट पकडण्याची घाई करू नये. वारा थोडा सुटलेला, पाणी चुळचुळणारे अशी वेळ निवडावी आणि नुसते उभे राहून इकडून तिकडे वळावे : चार फटके डावीकडून, चार उजवीकडून, जागच्या जागी गिरकी. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कोणताही आखूड बोर्ड नकोसा वाटतो. घोट्यांना त्याची चाल समजेपर्यंत निर्णय देऊ नये. त्यानंतरही पाण्यात जाण्यापेक्षा पाण्यातून वर येण्यातच शक्ती खर्च होत असेल तर दहा लिटर वर चढावे. जमत असेल तर एका वेळी दहा-पंधरा लिटरच खाली उतरावे आणि एक हंगाम तिथे काढावा. जुना मोठा बोर्ड विकू नये. लाट कमजोर असेल, वारा असेल किंवा तुम्ही थकलेले असाल त्या दिवशी तोच बाहेर काढायचा.